मिळकतकराचा नवा नकाशा

दर वर्षी एप्रिल उजाडला की पुणेकराच्या दारी दोन पाहुणे न चुकता येतात. एक उन्हाळा आणि दुसरा महापालिकेचे मिळकतकराचे बिल. पहिल्याविषयी तक्रार करून उपयोग नसतो हे त्यास ठाऊक आहे. दुसऱ्याविषयी तक्रार करून उपयोग होईलच अशी त्याची खात्री नसते. तथापि गेल्या काही वर्षांत या बिलामागची यंत्रणा पार बदलून गेली आहे, आणि हा बदल कराच्या दरातील चढउतारांहून कितीतरी दूरगामी आहे, याची जाणीव आपल्या सुशिक्षित वर्गातही अद्याप झालेली दिसत नाही. पूर्वी घरपट्टीचा निरीक्षक फीत आणि वही घेऊन दारात उभा राही. त्याच्याशी हुज्जत घालता येत असे, त्यास चहा देता येत असे, आणि खोलीची लांबी चुकीची मोजली तर फितीचे दुसरे टोक आपण स्वतः धरून ती दाखवूनही देता येत असे. आता निरीक्षकाच्या आधी आकाशातून घेतलेले छायाचित्र घरावर येऊन गेलेले असते. त्या छायाचित्रावर संगणकात घराची आकृती रेखली जाते, त्या आकृतीस क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकाशी करखात्याची नोंदवही जोडली जाते. या जोडणीस भौगोलिक माहिती प्रणाली, अथवा व्यवहारातील नावाने जीआयएस, असे म्हणतात.

या प्रणालीस आमचा विरोध नाही; उलट ती यावी, आणि आहे त्याहून चांगली यावी, अशीच आमची इच्छा आहे. महापालिकांना तिची निकड का भासली हेही उघड आहे. पुण्याची जकात २०१३ साली गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ साली बहुतांशी उठला, आणि २०१७ च्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आल्यावर शासनाकडून मिळणाऱ्या भरपाईकडे डोळे लावून बसणे एवढेच नगरसंस्थांच्या हाती उरले. स्वतःच्या हक्काचे, स्वतः वसूल करता येईल असे जे मोठे उत्पन्न शिल्लक राहिले ते मुख्यतः मिळकतकराचे आणि बांधकाम परवानगीच्या शुल्काचे. दुसऱ्या बाजूने शहर वाढतच राहिले. २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे हद्दीत आली आणि शहराचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. दहा लाखांहून अधिक मिळकतींचा हिशोब वही आणि फीत यांनी ठेवता येईल असे मानणे हा भाबडेपणा होय. तेव्हा नकाशा हवा, हे निर्विवाद आहे. वाद आहे तो नकाशाने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याविषयी. आणि तो चुकला तर भुर्दंड कोणी सोसावा, याविषयी.

हा प्रश्न या जिल्ह्यास नवा नाही. मुंबई इलाख्यातील जमीनमहसुलाच्या मोजणीचा इतिहास पुणे जिल्ह्यातच घडला. पेशवाई बुडाल्यानंतर दहा वर्षांच्या आत रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या बुद्धिमान इंग्रज अधिकाऱ्याने येथील शेतांची मोजणी आणि प्रतवारी आरंभिली. विलायतेत नुकतेच मान्यता पावलेले अर्थशास्त्राचे सिद्धांत त्याने पाठ केले होते. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावे, त्यातून खर्च वजा करावा आणि उरलेल्यातून सरकारचा हिस्सा ठरवावा, अशी त्याची योजना कागदावर निर्दोष होती. परंतु मोजणी करणारे कारकून कोण, ते कोणाच्या ओसरीवर उतरतात, आणि आकडे कोणाच्या सांगण्यावरून लिहितात, याकडे पाहण्यास सिद्धांताला सवड नव्हती. मोजण्या चुकल्या, उत्पन्नाचे अंदाज त्याहून चुकले, शेतकरी जमिनी टाकून निघून गेले आणि ती सारी खटपट सोडून द्यावी लागली. त्यानंतर १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत लावली ती पुढे सबंध इलाख्यात पसरली. तिच्यात पांडित्य कमी होते. ३३ फुटी साखळीने शेत मोजावे, मातीची प्रत डोळ्यांनी व हाताने पाहून आण्यांत ठरवावी, हद्दीच्या खुणा सर्वांस दिसतील अशा घालाव्यात, वरिष्ठाने काही शेते पुन्हा मोजून कारकुनाचे काम तपासावे, आणि एकदा बसविलेला सारा ३० वर्षे हलवू नये. शेतकऱ्यास आपले शेत नकाशात ओळखता येत होते आणि पुढील वर्षी किती द्यावयाचे हेही ठाऊक होते. प्रिंगलचा हिशोब सूक्ष्म होता आणि विंगेटचा तपासून पाहता येण्याजोगा होता. आजच्या संगणकीय नकाशाकडे पाहताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

या नकाशाचे काम चालते कसे, हे सामान्य वाचकास समजणे अवघड नाही. पारदर्शक कागदाचे ताव एकावर एक ठेवावे तसे त्यात थर असतात. एका थरात रस्ते, दुसऱ्यात इमारतींच्या आकृत्या, तिसऱ्यात सिटी सर्व्हेच्या हद्दी, चौथ्यात विकास आराखड्यातील जमीनवापर, पाचव्यात कर. संगणकास प्रश्न विचारता येतो की, ज्या इमारती आराखड्यात निवासी पट्ट्यात आहेत पण करखात्यात व्यापारी म्हणून नोंदल्या आहेत त्या दाखव. आणि क्षणार्धात त्या लाल होऊन पडद्यावर उभ्या राहतात. हे दृश्य इतके पटणारे असते की पाहणाऱ्याच्या मनात शंकेस जागाच राहत नाही. आमच्या मते धोका नेमका येथेच आहे. भूगोलाच्या तासाला वर्गात आम्ही मुलांना नकाशा शिकवीत असू तेव्हा प्रथम प्रमाण, मग दिशा, मग सूची आणि सर्वांत शेवटी रंग, असा क्रम असे. मुलांना मात्र रंगच आधी दिसत. मोठ्या माणसांचेही तसेच होते, असा पुढील अनुभव आहे.

प्रमाणापासूनच आरंभ करू. आपल्याकडील जुने गाव-नकाशे एका इंचास दहा साखळ्या, म्हणजे १:३९६०, अथवा त्याच्या निम्म्या प्रमाणावर काढलेले आहेत. शेताच्या बांधासाठी ते उत्तम होते. त्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची पेन्सिलीची रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद होते. निम्म्या प्रमाणाच्या नकाशावर ती जवळजवळ चार मीटर होते. शेतात दोन मीटरांनी कोणाचे फारसे बिघडत नसेल. कसबा पेठेत दोन मीटर म्हणजे एक सबंध बोळ होय. हाच कागद शंभर वर्षे दप्तरात दमट हवेने ताणला आणि आकसला, मग तो यंत्राखाली धरून संगणकात घेतला, आणि उपग्रहाच्या छायाचित्रावर ताणून बसविला, तर त्याची हद्द एखाद्याच्या माजघरातून जाणारच. अशी हद्द पडद्यावर कितीही मोठी करून पाहिली तरी केसासारखी बारीकच दिसते, कारण संगणक रेघेची जाडी वाढवीत नाही. मूळ अज्ञान तितकेच असते, फक्त ते दिसेनासे होते. अतिक्रमणाच्या नोटिसा जर अशा रेघेवरून निघू लागल्या तर न्यायालयांस दुसरे काम उरणार नाही.

दुसरी अडचण ओळखीची. आपल्या शहरात एकाच घराला किती नावे असतात पाहा. भूमिअभिलेख खात्याच्या मिळकत पत्रिकेवर त्यास सिटी सर्व्हे क्रमांक असतो. पोस्टमन त्यास पेठेतील घरक्रमांकाने ओळखतो. महापालिकेच्या करखात्यात त्यास सेक्शन, पेठ आणि खातेक्रमांक अशा तीन कप्प्यांचे ओळखपत्र असते. वीज, पाणी आणि नोंदणी या खात्यांची कथा आणखी निराळी. हद्दीत नव्याने आलेल्या गावांत तर गट क्रमांक आणि त्याचे हिस्से. नकाशातील एक आकृती आणि करखात्यातील एक ओळ यांची गाठ घालावयाची तर दोघांत समान अशी एक किल्ली पाहिजे, आणि तीच बहुधा नसते. मग मालकाचे नाव आणि पत्ता यांवरून जुळवाजुळव होते. नाव एका ठिकाणी मराठीत, दुसऱ्या ठिकाणी इंग्रजीत. एके ठिकाणी आजोबांचे, दुसऱ्या ठिकाणी नातसुनेचे. त्यात एका इमारतीत चाळीस सदनिका असल्या तर एका आकृतीवर चाळीस ओळी लटकतात, आणि एका वाड्याचे तीन भावांत वाटप झाले असेल तर एका ओळीस तीन आकृत्या. जी जुळत नाही ती मिळकत ‘नोंद नसलेली’ ठरते. वास्तविक नोंद असते, ती सापडत नाही एवढेच. केंद्र शासनाने प्रत्येक भूखंडास १४ अंकाक्षरांचा एकच क्रमांक देण्याची योजना २०२१ पासून चालविली आहे आणि ती मनापासून राबविली तर या गोंधळातून सुटका होण्याची आशा आहे. परंतु तो क्रमांक भूखंडाचा आहे, सदनिकेचा नव्हे. आणि पुणेकर आता बहुतांशी सदनिकांतच राहतो.

तिसरी गोष्ट, आकाशातून छप्पर दिसते, खोली दिसत नाही. वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब असे एक बैठे घर घ्या. त्याचे क्षेत्र ६०० चौरस फूट. पावसापासून भिंती वाचाव्या म्हणून चारी बाजूंनी दोन-दोन फूट पुढे आलेले छप्पर वरून मोजले तर ते ८१६ चौरस फूट भरते. म्हणजे पागोळ्यांनी घर छत्तीस टक्क्यांनी वाढविले. जाणकार माणूस ही वाढ वजा करतो, प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजतो. परंतु घाईने, मक्त्याने आणि दर मिळकतीस अमुक इतके पैसे या बोलीने काम दिले असेल तर प्रत्येक दार ठोठावण्याची आस्था मक्तेदाराकडून अपेक्षिणे व्यर्थ होय. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ही आपली जुनी म्हण अशा मोजणीस तंतोतंत लागू पडते.

आणि रंगांविषयी काय बोलावे! नगररचनेच्या नकाशात निवासी जागा पिवळी, व्यापारी निळी, औद्योगिक जांभळी अशी वहिवाट आहे. आता बुधवार पेठेतील एखादा वाडा पाहा. रस्त्याच्या अंगास तीन दुकाने, त्यांच्या पोटात एक माळा, मागे कागदाचे गुदाम, वर दोन बिऱ्हाडे आणि एका खोलीत सकाळ-संध्याकाळ चालणारी शिकवणी. करखात्याच्या वहीत याच्या पाच-सहा स्वतंत्र नोंदी असतात आणि त्या बहुधा बरोबरही असतात. नकाशावर मात्र वाड्यास एकच रंग मिळतो. क्षेत्र पाहून रंगविला तर दुकाने नाहीशी होतात, दर्शनी बाजू पाहून रंगविला तर बिऱ्हाडे नाहीशी होतात. या रंगावरून उद्या कोणी ठरविणार की या गल्लीस वाहनतळ हवा की शाळा. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, जमीनवापराची पाहणी आणि कराच्या नोंदी या एकमेकींच्या साक्षीदार म्हणून वापराव्यात, एकीने दुसरीस गिळू नये. दोहोंत विसंगती आढळली तर ती चौकशीचा आरंभ समजावी; आज ती निकाल समजली जाते. करखात्याच्या वहीत रकाना रिकामा असला तर संगणक त्यास सुखाने शून्य मानतो. पण ‘कर शून्य’ आणि ‘कर किती ते लिहिलेले नाही’ या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्या इमारतीपुढे कर दिसत नाही ती धर्मादाय शाळा असू शकते, न्यायालयात वाद चालू असलेली असू शकते, अथवा खरोखरच बुडवी असू शकते. तिघींनाही एकच लाल रंग देणे हे गणितातही चूक आणि नीतीतही.

हे सारे केवळ कल्पनेतील दोष आहेत असे कोणी समजू नये. मुंबईचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या २५ व्या कलमानुसार विकास आराखड्याआधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा करावा लागतो. मुंबई महापालिकेने तो २०१२ साली लोकांपुढे ठेवला तेव्हाच त्यातील चुका नागरिकांनी आणि अभ्यासकांनी एकामागून एक दाखविल्या. तरी २०१५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेला २०३४ सालापर्यंतचा प्रारूप आराखडा त्याच पायावर उभा राहिला. उभ्या इमारतींतून रस्ते काढलेले, प्रार्थनास्थळे आणि वारसावास्तू नकाशातून गळालेल्या, अशा तक्रारींचा पाऊस पडला आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो आराखडा माघारी धाडला. सुधारलेला मसुदा २०१६ साली आला आणि मंजुरीस २०१८ उजाडले. तेथे निदान हरकतींची संधी होती, कारण आराखड्याचा कायदा तो लोकांपुढे मांडणे सक्तीचे करतो. मिळकतकराच्या नकाशास अशी सक्ती लागू नाही. तो करखात्याच्या संगणकात असतो आणि नागरिकास त्याचे दर्शन केवळ नोटिशीच्या रूपाने घडते.

पुण्यात असेच घडले. मालक स्वतः राहत असेल तर करयोग्य रकमेत ४० टक्के सवलत देण्याची प्रथा येथे १९७० पासून चालत आली होती. लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप निघाले, राज्य शासनाने ती थांबविली, आणि त्याच काळात मिळकतींच्या या नव्या सर्वेक्षणाचा उद्योगही चालू होता. ज्यांच्या घरांची नोंद मालक राहत नाही अशी झाली त्यांची सवलत गेली आणि मागील वर्षांच्या फरकासह बिले त्यांच्या हाती पडली. दार कुलूपबंद दिसले, की भाडेकरू? म्हातारा बाप मुलाकडे परदेशी गेला, की भाडेकरू? हे नकाशास कसे कळावे? पुढे २०२३ साली शासनाने सवलत पूर्ववत केली हे योग्यच झाले. परंतु ती पुन्हा मिळविण्यासाठी पीटी-३ नामक अर्ज, त्यासोबत पुरावे, आणि क्षेत्रीय कार्यालयापुढील रांग हे सारे नागरिकाच्या वाट्यास आले. अर्जाची मुदत वरचेवर वाढवावी लागली यावरूनच लोकांपर्यंत ही गोष्ट किती अपुरी पोहोचली होती ते दिसते. नोंद करखात्याने केली, खोडून काढण्याचा भार करदात्यावर पडला. ज्यांना संगणक येतो, ज्यांचा मुलगा घरी आहे, ज्यांस कचेरीत चार शब्द बोलता येतात त्यांचे निभावले. एकट्या राहणाऱ्या विधवा बाईने काय करावे याचे उत्तर कोणत्याही थरात नव्हते.

कर आणि जमीनवापर यांची सांगड कोठवर घालता येते, याची कायदेशीर मर्यादाही आता स्पष्ट झाली आहे. मुंबईत एप्रिल २०१० पासून भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर कर बसू लागला. त्याच्या नियमांत अशी एक मेख होती की, एखाद्या भूखंडावर आज काय उभे आहे एवढ्यावर न थांबता, विकास नियमांप्रमाणे तेथे उद्या किती चटईक्षेत्र उभे राहू शकेल तेही मूल्यात धरावे. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ते नियम रद्द ठरविले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. कर आजच्या स्थितीवर बसतो, उद्याच्या शक्यतेवर नव्हे, असा त्याचा आशय आहे. आता कल्पना करा, जीआयएसच्या पडद्यावर कराचा थर आणि आराखड्याचा थर एकावर एक ठेवले की ही ‘उद्याची शक्यता’ दर चौरस फुटागणिक आपोआप मोजून मिळते. जे न्यायालयाने दाराबाहेर घालविले ते यंत्राच्या सोयीने खिडकीतून आत येऊ शकते. नगररचनाकाराने भविष्याकडे पाहावे, ते त्याचे कर्तव्यच आहे. करनिरीक्षकाने मात्र पावती लिहिण्याच्या दिवसाकडे पाहावे.

येथपर्यंत वाचून आमच्या वाचकांनी समाधानाने मान डोलावली असेल. आता जे लिहावयाचे ते त्यांपैकी अनेकांस रुचणार नाही. असा नकाशा खरोखर नीट तयार झाला आणि सर्वांपुढे मांडला, तर त्यात केवळ बुडवे आणि अतिक्रमणवालेच उघडे पडतील असे नाही. भाडेमूल्यावर आधारलेल्या आपल्या पद्धतीत ज्या घराची आकारणी जुन्या काळी झाली त्याचा कर जुन्या भावाने गोठून राहतो आणि ज्याची काल झाली त्यास आजचा भाव लागतो. परिणाम असा की, डेक्कन जिमखान्यावर अथवा प्रभात रस्त्यावर चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत राहणारा, ज्याच्या दाराशी पाणी, दिवे, झाडलेला रस्ता आणि दोन बागा आहेत, तो चौरस फुटास कित्येकदा कमी कर देतो. आणि हद्दीच्या टोकास टँकरच्या पाण्यावर दिवस काढणारा नवा सदनिकाधारक जास्त देतो. समाविष्ट गावांतील असंतोषाचे मूळ यातच आहे, आणि तो इतका वाढला की २०२४ साली तेथील वसुलीस स्थगिती देण्याची पाळी शासनावर आली. कराचा थर आणि जलवाहिन्यांचा थर एकत्र ठेवून पाहिले तर ही विषमता शाळकरी मुलाच्याही लक्षात येईल. अशा नकाशाची मागणी आम्ही जुन्या पुण्याच्या मध्यभागी बसून करीत आहोत, आणि तो निघाला तर आमच्या अनेक वाचकांची बिले वाढतील, हे ध्यानात घेऊनच करीत आहोत.

नकाशा असा उलट्या दिशेनेही वाचता येतो याचे एक परदेशी उदाहरण देण्याजोगे आहे. अमेरिकेत शिकागो शहर ज्या कुक काउंटीत मोडते तेथील घरांच्या मूल्यांकनाचा अभ्यास ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने २०१७ साली प्रसिद्ध केला. स्वस्त घरांचे मूल्य प्रमाणाबाहेर चढे आणि महागड्या घरांचे उतरते लावले जात असल्याचे त्यातून दिसून आले. पुढील वर्षी मतदारांनी तेथील मूल्यांकन अधिकाऱ्यास पक्षांतर्गत निवडणुकीतच घरी बसविले. तेथे हे पद निवडणुकीने भरले जाते. त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याने मूल्यांकनाची माहिती आणि ती ज्या संगणकीय गणिताने काढली जाते ते गणितही लोकांपुढे उघडे ठेवले. आपल्याकडे असे का होऊ नये? येथील नागरिकाच्या हाती साधनेही आहेत. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि पुण्यातील महाविद्यालयांत भूगोल व स्थापत्य शिकणारी शेकडो मुले ते हाताळू शकतात. जमाबंदी आयुक्तांची कचेरी याच शहरात आहे. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करण्याचा महाराष्ट्रातील पहिला प्रयोग याच जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये १५२ शहरांत ‘नक्शा’ नावाने नागरी भूमापनाचा प्रायोगिक कार्यक्रम आरंभिला आहे. विद्या आहे, माणसे आहेत, साधने आहेत. नाही ती फक्त दप्तर उघडण्याची वृत्ती.

माहिती उघडी करावी म्हणजे कोणाचे घर कोणाच्या नावे आहे याची जाहिरात करावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला आहे, आणि एकट्या वृद्धांच्या घरांची यादी चोरट्यांच्या हाती पडावी असे कोणासच वाटणार नाही. नावे झाकावीत, थकबाकीचा तपशील झाकावा. पण क्षेत्र, वापर, आकारणीचे वर्ष, कराचा दर आणि ही नोंद कोणत्या दिवशीच्या पाहणीवरून केली ती तारीख, इतके झाकण्याचे काहीही कारण नाही. ‘गोपनीय’ हा शब्द आपल्या कचेऱ्यांत नागरिकाच्या रक्षणापेक्षा कारकुनाच्या रक्षणासाठीच अधिक वापरला जातो. त्याचबरोबर ज्या खाजगी मक्तेदाराने हे नकाशे केले त्याच्याकडून मूळ छायाचित्रे, मोजणीची टिपणे आणि जोडणीचे कोष्टक महापालिकेने स्वतःच्या ताब्यात घेतले आहे की नाही, हेही लोकांस कळले पाहिजे. मक्ता संपला आणि किल्ली त्याच्याच खिशात राहिली, असे व्हावयास नको. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे पुण्यात नगरसेवकांचे सभागृहच नव्हते आणि सारा कारभार प्रशासकाच्या सहीने चालत होता. त्या काळात हे प्रश्न विचारण्याची हक्काची जागाच बंद होती.

आम्ही महापालिकेपुढे एक अगदी लहान सूचना ठेवतो. सबंध शहराचा विचार सोडून द्यावा आणि प्रथम एक पेठ व एक समाविष्ट गाव घ्यावे. दोहोंचे मिळकतनिहाय नकाशे मोठ्या प्रमाणावर छापून क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवर आणि संकेतस्थळावर तीस दिवस लावावेत. प्रत्येक आकृतीवर मोजलेले क्षेत्र, वापर आणि पाहणीची तारीख असावी. भिंतीजवळ एक कारकून फीत घेऊन बसवावा, आणि जो नागरिक हरकत घेईल त्याच्यासोबत आठ दिवसांत त्याच्या घरी जाऊन, फितीचे एक टोक त्याच्या हाती देऊन, पुन्हा मोजणी करावी. हरकत न घेणाऱ्यांपैकीही काही घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि वरिष्ठाने ती मोजावीत. शंभरांत किती आकृत्या चुकीच्या निघाल्या तो आकडा जाहीर व्हावा, आणि तो जाहीर होईपर्यंत या नकाशाच्या आधारे एकही वाढीव बिल त्या दोन ठिकाणी निघू नये. याला लागेल तो खर्च छपाईचा आणि चार कारकुनांच्या महिन्याभराच्या पगाराचा. आगामी अंदाजपत्रकात त्यासाठी एक ओळ पुरेशी आहे.